युनॅनिमस, ज्युरीच्या खोलीत

हल्ली ठाण्यात कुठल्याही सभेला जा. म्युनिसिपालिटीची असो, वाचनालयाची असो, नाहीतर बदलून जाणाऱ्या एखाद्या मामलेदाराला हार घालण्याची असो. शेवटी कुणीतरी उपरणं सावरत उठतो आणि म्हणतो, "ठराव युनॅनिमसली पास!" टाळ्या होतात, अत्तरगुलाब फिरतो, मंडळी घरी जातात. त्यातल्या निम्म्यांना ठराव कशाचा होता हे माहीत नसतं आणि उरलेल्यांना तो मान्य नसतो. मी कोपऱ्यात बसून चडफडत असतो. लोक म्हणतात, मास्तरांचं पेन्शन झालं आणि डोकं फिरलं. फिरू दे! तो शब्द ऐकला की मला अजून ठाण्याचं कोर्ट आठवतं, त्याला मी काय करू?

हा शब्द मला शिकवला ठाण्याच्या शाळेतल्या एका दाढीवाल्या साहेब मास्तरांनी. ते शब्द फणसासारखे फोडत. सावकाश, हाताला चीक न लावता, आतला गरा काढून आमच्यापुढे धरत. युनॅनिमस लॅटिनातून आला, ते सांगत. 'उनुस' म्हणजे एक. युनियन, युनिट, युनिफॉर्म ही सगळी त्याचीच पोरं. आणि 'अ‍ॅनिमस' म्हणजे मन, जीव, आणि मुळाशी गेलं तर श्वास. पुढे मी कल्याणच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हा आमच्या शास्त्रीबुवांना हे सांगितलं. त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली आणि म्हणाले, "अहो, हा तर आपला 'अन्' धातू! अन् म्हणजे श्वास घेणं. त्याला 'प्र' जोडला की प्राण. त्या रोमन लोकांनी उचलला आपल्याकडून." मी म्हटलं, उचलला नाही, दोघांचा आजा एक. त्यावरून आमचं महिनाभर बोलणं बंद होतं.

ते काही असो. मला एवढं पटलं होतं की युनॅनिमस म्हणजे नुसतं एकमत नव्हे. मत काय, सकाळी एक असतं आणि जेवण झाल्यावर दुसरं. युनॅनिमस म्हणजे एकप्राण. वर्गात मी हे मोठ्या ऐटीत सांगायचो. एकदा एका पोराने विचारलं, "मास्तर, अ‍ॅनिमल पण तिथलाच ना? मग युनॅनिमस म्हणजे सगळे मिळून एक जनावर?" मी त्याला बाकावर उभं केलं. पण पुढे ठाण्याच्या कोर्टात जे पाहिलं, त्यानंतर वाटलं, ते पोरगं फारसं चुकलं नव्हतं.

त्या काळी ठाण्याच्या सेशन्स कोर्टात ज्युरी नवीनच आली होती. म्हणजे असं की खुनाचा मोठा खटला असला की जिल्ह्यातले पाच बरे लोक बोलवायचे, त्यांना साक्षीपुरावा ऐकवायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष ते त्यांना विचारायचं. मला समन्स आलं तेव्हा घरात रडारडच झाली. आमच्या आईला वाटलं, मलाच कोर्टाने पकडून नेलं. मी मात्र खूश होतो. सरकारने आपल्याला बरा माणूस ठरवलं, याचं कुणाला बरं वाटणार नाही?

कोर्टात गेलो आणि आमच्या पाच जणांत मुख्य कोण, तर कल्याणचे माझे यजमान! यजमान म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगायला हवं. मी गरिबाघरचा. ठाण्याच्या शाळेत जायच्या आधी कल्याणला शिकताना वार लावून जेवत होतो, म्हणजे आठवड्यातल्या प्रत्येक वारी गावातल्या एकेका घरी. गुरुवार या यजमानांच्या घरचा. त्यांच्या घरी मला कुणी नावाने हाक मारली नाही. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अगं, गुरुवार आला, पान वाढ." यजमानही मला गुरुवारच म्हणत. प्रेमाने म्हणत हो, टोचून नव्हे. तूप मोजून वाढणारी घरंही मी पाहिली होती. या घरात ते मोजून कधी वाढलं नाही. पुढे मी मास्तर झालो, पागोटं बांधायला लागलो, तरी ते उभे राहिले की मी उभा राहायचो आणि ते बोलायला लागले की माझं तोंड आपोआप मिटायचं.

बाकीचे तिघे म्हणजे भिवंडीचे एक मुसलमान कापडवाले, ठाण्याचे एक ख्रिस्ती बागाईतदार आणि शहापूरचा एक किराणा दुकानदार. दुकानदार आमच्यात सगळ्यात लहान. त्याला सारखा घाम येत होता.

आरोपी दिवा गावाच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावचा. मिठागरावर काम करणारा, पंचविशीचा, काळा, उंच गडी. मिठागराच्या राखणदाराला रात्री कुणीतरी कोयत्याने तोडलं होतं. या गड्याचं आणि राखणदाराचं आधी भांडण झालेलं. म्हणून यानेच मारलं, असं सरकारचं म्हणणं. दोषी ठरला तर फाशी. जज्जसाहेब मनाने मऊ निघाला तर काळं पाणी. आम्हा पाच जणांच्या तोंडून काय निघतं यावर त्याचा जीव टांगलेला होता, आणि हे त्याला आमच्यापेक्षा बरं कळलं होतं. तो साक्षीदारांकडे बघतच नव्हता. आमच्याकडेच बघत होता.

साक्षीदार सगळे त्याच्याच गावचे. पहिला आला, शपथ घेतली आणि म्हणाला, "चांदन्यान त्याचे हातान कोयता चमाकला, आन त्यानी पाठी वलून बगितला." दुसरा आला. तोही म्हणाला, चांदन्यान कोयता चमाकला, आन त्यानी पाठी वलून बगितला. तिसरा तेच. चौथा तेच. शेवटी आरोपीचा सख्खा थोरला भाऊ आला. त्याने पिंजऱ्याच्या कठड्याला घट्ट धरलं, मान खाली घातली आणि तेच वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. तेवढ्यापुरती आरोपीने आमच्यावरची नजर काढली आणि भावाकडे बघितलं. भावाने काही वर पाहिलं नाही.

मी कितीतरी वर्षं पोरांचे पेपर तपासले होते. सगळ्या पोरांचं उत्तर बरोबर आलं तर मी खूश होतो, पण सगळ्यांचं उत्तर त्याच शब्दांत, त्याच जागी दम घेऊन आलं की मी छडी शोधतो. एकाला कोयता दिसावा, दुसऱ्याला नुसती सावली, तिसऱ्याला कुत्रं भुंकलेलं आठवावं, याला बघणं म्हणतात. इथे सगळ्यांनी एकाच डोळ्याने पाहिलं होतं.

साहेबांनी खटल्याचा सारांश सांगितला, दुभाष्याने तो मराठीत केला, आणि आम्हाला बाजूच्या खोलीत पाठवलं. खोलीत एक टेबल, पाच खुर्च्या आणि कोपऱ्यात पाण्याचा एक माठ. उन्हाने जीव कासावीस झालेला, पण माठाला कुणी हात लावेना. यजमान नि मी सोवळ्याओवळ्यातले, ते दोघे वेगळ्या धर्माचे, आणि दुकानदार आम्हा सगळ्यांकडे बघून गप्प. पाच माणसं एका माठातलं पाणी पिणार नाहीत, आणि त्यांनी एकप्राण होऊन एका माणसाचा फैसला करायचा! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

यजमानांनी पगडी काढून टेबलावर ठेवली, घाम पुसला, परत घातली. मग म्हणाले, "साक्षी सगळ्या एकमुखी आहेत. सख्खा भाऊ सांगतो, म्हणजे आणखी काय हवं? दोषी. कुणाचं काही म्हणणं?"

कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे पंचायत अशीच चालते. ज्येष्ठ माणूस पहिल्यांदा बोलतो, मग विचारतो आणि कुणी खोकलं नाही की ते सगळ्यांचं झालं. जातीच्या सभेत मी हे शंभरदा पाहिलं होतं. माझ्या ओठांवर शब्द आले होते, "काका, जरा..." एवढं मी बहुतेक पुटपुटलोही. यजमानांनी माझ्याकडे बघितलं.

"काय रे गुरुवार?"

आणि ते उठून उभे राहिले. ते उभे राहिले तसा मीही उभा राहिलो. चौघांच्या खुर्च्या एकदम सरकल्या आणि आम्ही दाराबाहेर होतो.

कोर्टात वरचा पंखा ओढणारा तेवढा दोरी ओढत होता. साहेबांनी यजमानांना विचारलं, "आर यू युनॅनिमस?" दुभाष्याने म्हटलं, "तुमचं सर्वांचं एकमत आहे का?"

यजमानांना इंग्रजी तेवढं येत होतं. ते ताठ उभे राहून म्हणाले, "येस, माय लॉर्ड."

दुभाष्याने एकमत म्हटलं खरं, पण मला तो शब्द दाढीवाल्या साहेब मास्तरांच्या आवाजात ऐकू येत होता. उनुस, एक. अ‍ॅनिमस, श्वास. माझा श्वास यात होता का? नव्हता! माझा श्वास तर छातीत अडकून बसला होता. आरोपी आमच्या पाच तोंडांवरून नजर फिरवत होता. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, पण यजमान ज्या आवाजात बोलले तो त्याला कळला होता. त्याचा चेहरा असा झाला की मला आजही तो सांगता येत नाही. साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली.

"नो, माय लॉर्ड," मी म्हणालो.

आवाज कुणाचा निघाला ते पहिल्यांदा मलाच कळलं नाही. मग शिरस्तेदार वळला, दुभाषा वळला, मागचे लोक कुजबुजले, पट्टेवाला ओरडला, "शूऽऽ!" साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वी आर नॉट युनॅनिमस." यजमानांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. ज्यांच्या घरी माझं पान वर्षानुवर्षं मांडलं गेलं, त्यांना मी भर कोर्टात, गोऱ्या साहेबासमोर, खोटं पाडलं होतं. साहेब शांतपणे म्हणाले, परत जा आणि पुन्हा विचार करा.

खोलीचं दार बंद झालं आणि यजमानांचा आवाज फुटला.

"खाल्ल्या मिठाला जागलास हो! माझ्या तोंडावर? माझ्या तोंडावर, गुरुवार?"

"काका, माझं ऐकून घ्या."

"मघाशी विचारलं तेव्हा जीभ कुठे गेली होती?"

मी हात जोडले. म्हटलं, "काका, साहेबांनी विचारलं ते नुसतं एकमत नव्हे. दुभाष्याने आपल्यासाठी सोपं केलं. मूळ शब्दात श्वास आहे. आपल्या प्राणातला जो अन् धातू, त्याचाच तो भाऊबंद. साहेब विचारत होते, तुम्ही पाची जण एका श्वासाने हे म्हणता का? एका माणसाचा श्वास थांबवायचा तर आपला सगळ्यांचा त्यात हवा."

यजमान संस्कृत जाणणारे. त्यांनी मान हलवली. मग फिसकन हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"पाच जणांचा एक श्वास देवालाही जमायचा नाही."

"म्हणून तर विचारावं लागतं, काका. सगळ्यांना. एकेकाला." मग हात तसेच जोडून मी म्हणालो, "आणि या वेळी सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलावं. तुम्ही शेवटी."

ज्येष्ठाने शेवटी बोलायचं, हे कुणी कुठे ऐकलंय? मला वाटलं, आता हे पगडी उचलून निघूनच जाणार. पण यजमान काही लहान मनाचे नव्हते. ते खुर्चीवर बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "विचार."

शहापूरच्या दुकानदाराने घाम पुसला. "मला... मला त्याला फासावर नाही द्यायचं बुवा. सगळे पढवल्यासारखे बोलले. पण मोठी माणसं बोलल्यावर मी काय बोलणार?"

भिवंडीचे कापडवाले म्हणाले, "मला शक आहे. मघापासून आहे."

ठाण्याचे बागाईतदार खाडीकाठचेच. ते हळूच म्हणाले, "माझी शेतं तिथेच शेजारी आहेत. गुन्हेगार सापडला नाही तर सरकार गावावर पोलीस बसवतं, मग पोरीबाळींना घराबाहेर पडणं कठीण. गावाने बसून एकाचं नाव काढलं असणार. याचं भांडण झालेलं होतं, सोपं पडलं. मारलं कुणी ते देवाला ठाऊक. पण मी याला दोषी म्हणणार नाही."

"आणि मघाशी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, मास्तर?" ते म्हणाले.

मग आम्ही सगळे यजमानांकडे बघत राहिलो. ते भिंतीकडेच तोंड करून होते. बाहेरून पट्टेवाल्याने दार वाजवलं तरी ते हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मला अजून तोच दोषी वाटतो. भाऊ भावावर खोटं बोलेल हे मला पटत नाही, आणि तुम्ही चौघं म्हणता म्हणून मला नाही पटलेलं पटलं असं मी म्हणणार नाही." मग आमच्याकडे तोंड फिरवून, "पण मघाशी तुमचा सगळ्यांचा होकार मी परस्पर धरला. ते बरोबर झालं नाही."

आम्ही पुन्हा कोर्टात गेलो. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आरोपीने कठडा दोन्ही हातांनी धरला होता, मघाशी त्याच्या भावाने धरला होता तसाच. यजमानांच्या मनात आलं असतं तर त्यांनी काहीही सांगितलं असतं, आणि दुसऱ्यांदा उभं राहायची ताकद माझ्यात होती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

यजमान मराठीतच बोलले, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाही साहेब. एकमत नाही. चौघं निर्दोष म्हणतात. एक दोषी म्हणतो. तो एक मी."

कायद्याने बहुमत पुरत होतं. साहेबांनी चौघांचं मत मान्य केलं आणि आरोपीला सोडलं. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी आरोपी बाहेर येईना. पट्टेवाल्याने त्याला खांद्याला धरून बाहेर काढलं, तेव्हा त्याला कळलं, आणि तो तिथेच मटकन बसला.

पायऱ्यांवर मी यजमानांना गाठलं आणि पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. मला इतकं लागलं ते, इतकं लागलं!

"खोलीत का नाही बोललास?" ते म्हणाले. "मी ऐकलं नसतं का?"

"तुम्ही उभे राहिलात, काका. तुम्ही उभं राहिल्यावर मी कधी बसून राहिलोय का?"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पगडी सावरून चालायला लागले. त्या दिवसानंतर वाटेत भेटले की मान हलवत, पण हाक कधी मारली नाही. काकू गेल्या तेव्हाही मला दुसऱ्याकडून कळलं.

मी तिथेच उभा होतो, म्हणून पुढचं मला दिसलं. कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली ती सगळी साक्षीदार मंडळी बसली होती. आरोपी बाहेर आला आणि सरळ त्यांच्याकडेच चालत निघाला. दुसरीकडे जाणार कुठे बिचारा? गाव त्याचं, घर त्याचं, तिथलीच माणसं. तो जवळ पोचतोय तोच ती मंडळी उठली. कुणी कुणाला खुणावलं नाही, कुणी तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्यांनी एकदम पाठ फिरवली आणि खाडीच्या रस्त्याला लागली. मला कोर्टात शोधून सापडलं नव्हतं ते एकप्राण जनावर असं समोरून चालत गेलं.

एक जण मात्र मागे राहिला. थोरला भाऊ. त्याने पुढे जाणाऱ्यांकडे बघितलं, मग मागे बघितलं, आणि पळत येऊन धाकट्याचा दंड धरला.

"चल, घरा चल," तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "ते कायपन बोलूदे. मी हाय ना."

धाकट्याने दंड सोडवला नाही. नुसतं विचारलं, "दादा, तू बगलास का रं माजे हातान कोयता?"

भावाचं तोंड उघडलं. एवढ्या लोकांसमोर, शपथेवर, जे वाक्य घडाघडा म्हटलं होतं, त्यातला एक शब्द त्याच्या तोंडून निघेना. धाकटा वाट बघत राहिला. मग त्याने भावाची बोटं एकेक करून आपल्या दंडावरून सोडवली आणि गावाकडे पाठ करून स्टेशनच्या दिशेने चालायला लागला. थोरला तिथेच, हात तसाच पुढे धरून उभा.